येळवस झाली का? आणि तुमच्या शिवारात असं काही असतं का?

काळी_कसदार (औसा)
२० डिसेंबर २०२५, रात्री ९:१२

मार्गशीर्ष अमावस्येला लातुरात कुणाकडं काम काढू नये. दुकानं बंद, रिक्षा गायब, जिल्हाधिकाऱ्यांनी स्थानिक सुट्टी दिलेली. ज्याला रान आहे तो रानात, ज्याला नाही तो कुणाच्या तरी रानात जेवायला. पंचांगवाले वेळ अमावस्या म्हणतात, आम्ही येळवस. लातूर, धाराशिव, सोलापूरचा पूर्वेकडचा भाग, नांदेड-बीडच्या कडा आणि पलीकडं बीदर-कलबुर्गी, एवढ्या पट्ट्यातच हा सण आहे. म्हणून इथल्या पुणे-नाशिककरांसाठी आधी थोडक्यात सांगतो.

रानाच्या मध्यावर कडब्याच्या पेंड्या उभ्या करून वर बांधल्या की कोपी झाली. तोंड उगवतीला. आत चुना लावलेले पाच दगड म्हणजे पांडव, शेजारी द्रौपदी. त्यांच्यावर शाल नाहीतर नवं कापड. आंबिलाची बिंदगी, म्हणजे मडकं, चुन्या-कावेनं रंगवून डोक्यावरून आणायची. पूजा झाली की एकानं आंबील घेऊन उभ्या पिकातून शिंपडत जायचं आणि मागून बाकीच्यांनी ओरडायचं, ‘ओलगे ओलगे सालम पलगे!’ दर चार कोसांवर शब्द बदलतात, पण ओरडण्यात कुणी कमी करत नाही. मग जेवण. ओल्या दाण्यांची आणि पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, धपाटे, गव्हाची खीर, शेंगदाण्याची पोळी, तिळाची पोळी. बांधावरून अनोळखी माणूस चालला असला तरी हाक मारून बसवायचं. दिवस कलला की बोळक्यात दूध उतू घालायचं. ते कुठल्या बाजूला सांडलं त्यावरून म्हातारे पीकपाण्याचा अंदाज बांधतात. आणि अंधार पडला की हेंडगा. कडब्याची पेंडी पेटवून रानाभोवती पळायचं. पोरांचा सगळा जीव त्यात असतो.

हे झालं दरवर्षीचं.

यंदा सप्टेंबरात काय पाऊस झाला ते मराठवाड्यातल्या लोकांना सांगायला नको. आमचं खालचं रान तेरणेच्या बाजूला आहे. काढायला आलेलं सोयाबीन तर गेलंच, पण पाणी उतरलं तेव्हा काळी माती गेलेली आणि खालचा पिवळा मुरूम उघडा पडलेला. वरच्या रानात वाफसा यायला इतके दिवस लागले की ज्वारी उशिरा पेरली. दरवर्षी येळवशीला मालदांडी पोटऱ्यात असते, माणूस आत शिरला की फक्त टोपी दिसते. यंदा गुडघ्यालाही लागत नव्हती.

मी आईला म्हणलं, कोपी वरच्या रानात करू, तिथं निदान हिरवं आहे. ती म्हणाली, “वर कशाला? जिथून गेलं तिथंच कर.” तिच्यापुढं कोण बोलणार. कोपी मुरमावर उभी राहिली. पुतण्यानं आंबील मुरमावर शिंपडली, ओरडलाही मोठ्यानं. मला आधी फार ओशाळल्यासारखं झालं, शेजारच्या रानातली माणसं बघत होती. नंतर तेही आले, त्यांच्याही खालच्या तुकड्याची हीच गत. उरलेली आंबील त्यांनी त्यांच्या मुरमावर शिंपडली.

त्याच रानाच्या टोकाला, जिथं गाळ येऊन बसला त्या चिंचोळ्या पट्टीत, आईनं हातानं हरभरा टोकला होता. तो यंदा असा माजलाय की विचारू नका. ऊन वर यायच्या आत हरभऱ्यात बसून बघा. पानांवर, देठांवर बारीक केस असतात आणि केसाकेसाच्या टोकाला थेंब. दव वाटतं, पण बोट लावून चाखलं तर आंबट-खारट. ही आंब. मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असतं त्यात, असं आमच्या कृषीवाल्या भाच्याचं म्हणणं. भेगाळलेल्या पायांनी गेलं की चांगलीच झोंबते. आई रात्री धुतलेलं धोतराचं फडकं त्या पट्टीवर अंथरते आणि पहाटे पिळून बाटलीत भरते. पोट दुखलं की थेंबभर पाण्यात. वर्षभर पुरवते.

तर मंडळी, धाग्याचा विषय: तुमच्याकडं असं काय आहे? मोठा सण असला पाहिजे असं नाही. रोजचं एखादं काम, एखादं पाखरू, काहीही. ज्यामुळं तोट्याच्या वर्षातसुद्धा सकाळी रानाकडं पाय वळतात, असं.

उदगीरचा_पाहुणा (पुणे)
२० डिसेंबर, रात्री १०:०५

दादा, झोप उडवलीत. आमच्या वाट्याचं रान विकून वडिलांनी हडपसरला फ्लॅट घेतला. निर्णय बरोबर होता, मी तक्रार करत नाही. पण येळवशीला ऑफिसात बसून डबा उघडला की बोटं उगाच भज्जी शोधतात.

हल्ली सहकारी हुरडा पार्टीला नेतात. तिकीट, मनगटाला पट्टी, स्वागताला नगारा. हुरडा बरा असतो. पण आगटीत कणीस पुरायचं, बाहेर काढून गरम गरम हातावर चोळायचं, कोंडा फुंकायचा आणि दाणे दुसऱ्याच्या ओंजळीत द्यायचे, यातलं काही करू देत नाहीत. भाजलेला तयार वाडग्यात येतो. मी एकदा आगटीजवळ बसलो तर तिथला पोरगा म्हणाला, “सर, प्लीज टेबलवर बसा.”

खांदमळण (आर्वी)
२० डिसेंबर, रात्री १०:४०

आमच्याकडं वर्धेकडं येळवस नाही, पण पोळ्याच्या आदल्या सांजचं सांगतो. बैल धुऊन आणले की त्याइच्या खांद्याले लोणी-हळद लावून चोळाची. वर्षभर जू जिथं घासते तो भाग. चोळता चोळता बैलाले मनाचं, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” पाहुण्याले जसं आधी बोलावणं धाडतो तसं. माझे आजोबा हे मनताना टोपी काढत. माणसासमोर नाही काढली कधी.

आता आमच्या आळीत दावणीले बैल एकाच घरी. बाकी सारे ट्रॅक्टरवर. तरी त्या एकाच जोडीच्या खांद्याले हात लावाले सारी आळी जमते. बिचारे बैल तेवढं लोणी पाहून घाबरतात.

दुसरं म्हणजे सीतादही. कापसाची पहिली वेचणी असली की शेतात कपाशीच्या झाडापाशी सात खडे मांडाचे, दही-भाताचा निवद दाखवाचा, दही शेतात शिंपडाचं, मग वेचणीले हात. वेचणाऱ्या बायाच करतात, मालकाचं त्यात काही काम नाही. यंदा बोंडं पावसानं काळी पडली, पहिल्या वेच्यात कवडीच, म्हणजे खराब कापूसच, जास्त निघाली. तरी दही नेलं होतंच. माय मने, दह्यानं का बिघडवलं तुमचं?

भावांतर (हिंगोली)
२० डिसेंबर, रात्री ११:३१

सगळं वाचलं. छान लिहिता. आता माझं ऐका.

सोयाबीनचा यंदाचा (२०२५-२६) हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये. मोंढ्यात चार हजारांच्या आसपास, आणि भिजलेलं, डागी असलं तर त्याहून खाली, व्यापारी सांगेल तो दर. खरेदी केंद्रावर न्यावं तर ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला की गाडी परत. दोनदा वाळवून नेलं, भाड्यात गेले पैसे. अशा वर्षी आनंद, कृतज्ञता वगैरे ऐकलं की माझं डोकं सटकतं. शहरातला माणूस दोन तास बांधावर बसून म्हणतो, ‘काय समाधानी आयुष्य आहे तुमचं!’ त्याला म्हणावं घे, सातबारासकट घे, पीककर्जासकट घे.

आणि शेतकऱ्यानंच शेतकऱ्याला ‘आनंद शोधा’ सांगायला लागलं तर सरकारला काय, बरंच आहे. समाधानी माणूस रस्त्यावर येत नाही.

काळी_कसदार (औसा)
२१ डिसेंबर, सकाळी ६:२०

भावांतर, आकड्यांबद्दल एक अक्षर वाद नाही. रस्ता रोकोत मीही बसतो, आणि तिथं माझ्याबरोबर बसलेल्या सगळ्यांनी परवा कोपी केली होती. येळवस केली म्हणून कुणाचा भावाचा हट्ट सुटलेला मी तरी बघितला नाही. उलट रानात सगळी भावकी एकत्र जेवते तेव्हाच पुढच्या मोर्च्याची ठरवाठरवी होते. परवाही झाली.

आनंद शोधा असं मी म्हणलंच नाही. मी विचारतोय की काय आहे. उदाहरण देतो. भोरड्या. ज्वारी दाण्यात आली की यांचे थवेच्या थवे उतरतात. दिवसभर मचाणावर गोफण घेऊन मी यांना देतो त्या शिव्या इथं लिहिता येणार नाहीत. एका फेरीत कणसं रिकामी करतात. तरी सांजेला सगळा थवा बाभळीवर जायच्या आधी हवेत वळतो ना, एकदम, सगळाच्या सगळा, तेव्हा गोफण हातात तशीच राहते. नुकसान झालं ते झालंच. पण बघितलं ते मला कुणी बघायला लावलं नव्हतं.

तेरणाकाठ (लोहारा)
२१ डिसेंबर, सकाळी ७:४८

मुरमावर कोपी केल्याचं वाचून आमच्या आजीची आठवण झाली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा आमच्या भागातली घरं कशी पडली ते सगळ्यांना माहीत आहे. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, वर माळवद. माणसं दगडांखाली गेली. त्या वर्षीच्या येळवशीला आम्ही पत्र्याच्या शेडात राहत होतो. मी लहान होतो. कुणी म्हणालं यंदा नको, कुणी म्हणालं जावं. आजी म्हणाली जायचं, पण दगड मांडणार नाही. तिनं विहिरीच्या काठची माती मळून पांडव केले.

तेव्हापासून आमच्यात मातीचेच करतात. माझ्या मुलींना वाटतं सगळीकडं तसंच असतं.

चुलीपुढून (निलंगा)
२१ डिसेंबर, दुपारी २:१५

आता जरा माझंही वाचा. सगळ्यांनी कोपीचे फोटो टाकलेत. चुलीचा एकानंही टाकला नाही.

येळवशीच्या आदल्या दिवशी सकाळपासून तुरीच्या, वालाच्या, वाटाण्याच्या शेंगा सोलत बसायचं. संध्याकाळी आंबिलाचं पीठ ताकात भिजवायचं. रात्री शेंगदाण्याचं कूट, तिळाचं कूट. कोंबडा आरवायच्या आधी उठून पोळ्या, धपाटे, उंडे, खीर, भज्जी. आणि वीस-पंचवीस माणसांचं हे सगळं पाट्यांत भरून रानापर्यंत न्यायचं कुणी? मग रानात पोचलं की बाप्ये म्हणणार, “वा, काय निसर्ग आहे!” निसर्गच आहे हो, पण धपाटे झाडाला लागत नाहीत.

राग नाही, हसत लिहितेय. जेवणं उरकली की बोरीखाली आम्ही बायका बसतो, तेवढे दोन तास कुणी हाक मारत नाही. माझ्या थोरल्या जाऊबाई साठीच्या आहेत, त्या झोक्यावर उभ्या राहून झोका घेतात. एरवी त्यांचा आवाज ओसरीच्या पलीकडं ऐकू येत नाही.

पण खरं विचाराल तर माझा आनंद सणात नाही, खुरपणीत आहे. हसा. सकाळी पात लावली, एकेकीनं आपापली ओळ धरली की हात आपोआप चालतात आणि तोंडही. गावातली कुठलीही बातमी आधी पातीत येते, मग ग्रामपंचायतीत. आणि खुरपता खुरपता पाथरी सापडते. हरभऱ्यात, गव्हात, ओलीवर येते, जमिनीला चिकटून, कडेला दातेरी पान. झटकायची, ओच्यात टाकायची. न्याहारीला भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि वरून ही पाथरी कच्चीच. थोडी कडसर लागते. विकत मिळत नाही, पेरत कुणी नाही. चिघळ, तांदूळजा, कुंजर हे पावसाळ्यातलं, पाथरी थंडीतली. लोक याला तण म्हणतात. आम्ही माळवं म्हणतो.

तणनाशक मारायला लागल्यापासून आमच्या रानात पाथरी बांधाच्या कडेलाच उरली आहे. मजूर मिळत नाही म्हणून मारावं लागतं, हेही खरं. मी मालकाला सांगितलंय, विहिरीकडच्या चार सऱ्या सोडायच्या. सोडतात. कुरकुर करत.

भातखाचर (संगमेश्वर)
२१ डिसेंबर, सायंकाळी ५:०२

आमच्या कोकणात शेतीला लोक शेती म्हणायलाच तयार नाहीत, एवढे लहान तुकडे. त्यात माकडं आणि डुकरं. वाडीतली निम्मी खाचरं पडीक. मी भात करतो तो धंदा म्हणून नाही हे कबूल.

मिरगाचा पहिला जोराचा पाऊस झाला, पऱ्हे भरून वाहायला लागले की रात्री चढणीचे मासे येतात. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून पऱ्ह्यात आणि तिथून थेट खाचरात. वीतभर पाण्यात मासे उलटे पोहत वर चढतात. कंदील, बॅटरी, पोरं, म्हातारे, सगळी वाडी पाण्यात. मुंबईचे चाकरमानी यासाठी रजा टाकतात. त्याच खाचरात पुढं चिखलणी आणि लावणी. गणपतीनंतर कधी तरी भात पोटरीत आलं की मला घरात बसवत नाही, उगाच बांधावरून फेऱ्या मारतो. काम काही नसतं.

आणि नवं. नव्या भाताच्या लोंब्या, आंब्याचं पान, कुर्डूचं फूल असं एकत्र बांधून दाराला, देवाला, विहिरीला, अगदी माझ्या स्कूटरलाही बांधतात. ते सुकून पुढच्या वर्षापर्यंत तसंच राहतं. स्कूटरचं मात्र पोलीस चौकीशी पोचेपर्यंत उडून जातं.

कुळागर (फोंडा)
२१ डिसेंबर, सायंकाळी ६:३०

गोव्यात ख्रिस्ती लोकही नवं साजरं करतात, बऱ्याच जणांना माहीत नसतं. सासष्टीत राय गावी ५ ऑगस्टला कणसांचं फेस्त असतं. पाद्री शेतात जाऊन विळ्यानं पहिली कणसं कापतात, ती आशीर्वादानंतर घरोघर जातात. आमच्याकडे चवथीला गणपतीपुढे तीच नवी कणसं. एकाच खाजनातलं, म्हणजे खाडीकाठच्या शेतातलं, भात, एक लोंबी क्रुसाकडे, एक चवथीच्या मखरात.

माझं स्वतःचं म्हणाल तर कुळागराचं पाणी सोडायचं काम. पाटाचं पाणी सुपारीच्या एका आळ्यातून दुसऱ्यात पायानं वळवत जायचं. कोणी ठिबक लावा म्हणतं. लावीन. अजून लावलेलं नाही.

सालगड्याचा_पोर
२१ डिसेंबर, रात्री ८:५५

लिहू की नको असं करत अख्खा दिवस गेला. लिहितो.

आम्हाला रान नव्हतं. वडील सालगडी. पाडव्याला साल ठरायचं, पुढच्या पाडव्याला फिटायचं. आम्ही मालकाच्या आखाड्यावर, म्हणजे रानातल्या वस्तीवर, राहायचो. येळवशीची कोपी वडील बांधायचे, पेंड्या ते निवडायचे, पांडव चुन्यानं ते रंगवायचे, बिंदगी त्यांच्या डोक्यावर, आंबील शिंपडायला मात्र मालकाचा मुलगा. मालक वाईट नव्हते. आम्हाला पोटभर जेवायला घालायचे, आईला साडी द्यायचे. पण पंगतीत आम्ही शेवटी. आणि हेंडगा घेऊन ज्या रानाभोवती आम्ही पळायचो ते आमचं नव्हतं, हे कळायचं एक वय असतं. त्यानंतर मी पळलो नाही.

‘ज्याला नाही तो कुणाच्या तरी रानात जेवायला’ असं धाग्याच्या सुरुवातीला एका ओळीत आलंय. ती ओळ आमच्या बाजूनं वाचली तर जरा लांब आहे.

मी नोकरीला लागलो. मागच्या वर्षी एक एकर घेतलं, हलकं रान आहे, विहीर नाही. त्या येळवशीला वडिलांनी स्वतःच्या रानात कोपी बांधली. नातेवाईक जमले होते. पंगत बसली तर वडील शेवटी बसायला म्हणून मागं उभे राहिले.

चुलीपुढून (निलंगा)
२१ डिसेंबर, रात्री ९:१०

दादा, पुढच्या येळवशीला त्यांचं ताट पहिलं वाढा. हाताला धरून बसवा.

सालगड्याचा_पोर
२१ डिसेंबर, रात्री ९:१८

बसवलं होतं ताई. यंदाच. उठून आंबील आणायला गेले.

पण यंदा शिंपडली त्यांनीच. आणि ओरडायला लाजत होते, मग आईच ओरडली.

काळी_कसदार (औसा)
२१ डिसेंबर, रात्री ९:४०

तुमच्या प्रतिसादाला उत्तर द्यावं असं माझ्याकडं काही नाही. आमच्याही आखाड्यावर सालगडी होते, आणि कोपी तेच बांधायचे. एक विनंती आहे. तुमचं रान कुठल्या शिवारात आहे ते निरोपातून कळवता का? हलक्या रानासाठी करडईचं बी देतो. घरचं आहे, काटेरी वाण, जनावर तोंड लावत नाही. पाणीही मागत नाही.

परसबाग_लेस्टर
२२ डिसेंबर, पहाटे ३:२५

मूळची अंबाजोगाईची, सध्या इंग्लंड. इथे नगरपालिका भाड्याने जमिनीचे तुकडे देतात, पूर्ण तुकडा साधारण अडीचशे चौरस मीटरचा, म्हणजे अडीच गुंठे. नंबर लागायला वर्षं जातात. मला अर्धा मिळाला. मेथी, कोथिंबीर, लसूण, मटार. मेथी उन्हाळ्यात बरी येते, जोवर गोगलगायींना तिचा पत्ता लागत नाही तोवर.

नांगरामागे आपल्याकडे कोतवाल आणि गायबगळे चालतात ना, इथे मी फावडं मारलं की एक रॉबिन येतो. लाल छातीचा, मुठीएवढा. हाताच्या अंतरावर बसतो, ढेकूळ उलटलं की गांडूळ उचलतो. पलीकडच्या तुकड्यातले आजोबा त्याच्याशी बोलतात. आता मीही बोलते, मराठीत. त्याला काही फरक पडत नाही.

इथे डिसेंबरात कडाक्याची थंडी असते. परवा तरीही जाऊन आले. पांडव मांडायचं धाडस झालं नाही, लोक काय म्हणतील. पण ताक नेलं होतं थोडं.

संपादक मंडळ
२२ डिसेंबर, सकाळी १०:००

शेतमालाच्या भावावरचे पक्षीय आरोप-प्रत्यारोप असलेले काही प्रतिसाद हलवून वेगळा धागा केला आहे. इथे मूळ विषयावर बोलावे.

भावांतर (हिंगोली)
२२ डिसेंबर, दुपारी १२:४५

हलवले ते माझेच होते, ठीक आहे. तिकडं बोलू.

मूळ विषयावर एक सांगतो, पण याचा कुणी अर्थ काढू नये. मे महिन्यात नांगरट चालली होती, तर टिटवीनं ओरडून ओरडून डोकं उठवलं. ट्रॅक्टरच्या पुढं येऊन पंख पसरून उभी राहायची. उतरून बघितलं तर उघड्यावर चार अंडी, निमुळती टोकं आत करून मांडलेली, आणि रंग असा ढेकळाचा की पाय पडला असता. ड्रायव्हर म्हणाला, मालक, डिझेल जळतंय. म्हणलं, तेवढा तुकडा सोड, नाहीतर ही आपल्याला दिवसभर जगू देणार नाही.

सोडला. तिथं नंतर एवढं गवत माजलं की बायको अजून ऐकवते. पिल्लं निघाली की नाही बघायला गेलो होतो, एकदा. टरफलं होती. निघाली असावीत.

कृतज्ञता बितज्ञता काही नाही. आवाजाचा त्रास होता म्हणून सोडला.

खांदमळण (आर्वी)
२२ डिसेंबर, दुपारी १:०२

हो न बाप्पा, आवाजाचाच. टरफलं पाहाले बी आवाजापायीच गेलते तुमी.

उदगीरचा_पाहुणा (पुणे)
२२ डिसेंबर, दुपारी १:३०

चुलीपुढून ताई, एवढं वाचून आता राहवत नाही. रविवारी घरी भज्जी करायची म्हणतो. मीच करणार, बायकोला सुट्टी. प्रमाण सांगाल का?

चुलीपुढून (निलंगा)
२२ डिसेंबर, दुपारी ३:४०

प्रमाण कुठलं, अंदाजच असतो. तुरीचे दाणे, वाटाणा, वालाचे दाणे, हरभऱ्याचे सोलाणे, ओले शेंगदाणे असं सगळं मिळून चार वाट्या धरा. आधी हे मीठ घालून शिजवून घ्या. तूर आणि शेंगदाणा आधी टाका, वाटाणा मागून, नाहीतर त्याचा लगदा होतो. मग मेथी, पालक, कांद्याची पात चिरून दोन मोठ्या जुड्या तरी. चुका मिळाला तर उत्तम. गाजराचे तुकडे, चार बोरं. हिरवी मिरची, लसूण, जिरं पाट्यावर नाहीतर मिक्सरला वाटून घाला. वाटीभर डाळीचं पीठ ताकात कालवून, गुठळी राहू न देता, एका हातानं ओतत दुसऱ्या हातानं हलवत राहायचं. हे करताना फोन घ्यायचा नाही. चिंचेचा कोळ अगदी शेवटी. वरून लसणाची फोडणी, लसूण लाल होऊ द्या. पळीवरून सावकाश उतरेल इतपत घट्ट ठेवा, गार झाल्यावर आणखी घट्ट होते. दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते, म्हणून जास्तच करा.

उदगीरचा_पाहुणा (पुणे)
२२ डिसेंबर, दुपारी ३:५२

तुरीच्या शेंगा मंडईत बघितल्यात. वाटाणा फ्रोजन चालेल का?

चुलीपुढून (निलंगा)
२२ डिसेंबर, दुपारी ४:०५

चालेल. कुणाला सांगू नका.